इलेक्ट्रिक पिकअपला वीज कुठून आणि कशी द्यायची: हिशोब, वायरिंग, सौर पॅनेल, जनरेटर आणि घराला उलटा पुरवठा

फोर्ड एफ-१५० लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत वापरण्याजोगी १३१ युनिट वीज मावते. शेवरले सिल्व्हराडो ईव्हीच्या सगळ्यात मोठ्या बॅटरीत २०० च्या वर. (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, मीटरवर मोजतो तेच.) हे आकडे ऐकून माणूस आधी घरची सर्व्हिस वायर बदलायला निघतो आणि तिथेच गरजेच्या दुप्पट खर्च होतो. बॅटरी ही टाकी आहे, ती रोज रिकामी होत नाही. जोडणी ठरवायची ती रोजच्या वापरावर, आणि त्यासाठी तीन आकडे पुरतात: रोजचे किलोमीटर, किलोमीटरमागे लागणारी वीज, आणि गाडी प्लगपाशी किती तास उभी असते.

रोजचा हिशोब

लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीच्या मॉडेलला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) चाचणीत १०० मैलांना ४८ युनिट लागतात, म्हणजे १०० किलोमीटरला साधारण ३०. चार टनांच्या घरातल्या सुरुवातीच्या हमर ईव्हीला हाच आकडा ४५ च्या आसपास जातो. ईपीएचा आकडा भिंतीपाशी मोजलेला असतो, म्हणजे चार्जिंगमधली घट त्यात धरलेली असते. गाडीच्या डॅशबोर्डवर दिसतो तो आकडा बॅटरीतून निघालेल्या विजेचा, त्यात ही घट नसते. त्यामुळे स्क्रीनवर २६ दिसतात आणि मीटरवर ३० पडतात, आणि मग लोकांना मीटरचा संशय येतो. मीटर बरोबर असतो. हिशोब करताना स्क्रीनवरच्या आकड्यात १० ते १५ टक्के वाढवून घ्या.

रोज ६० किलोमीटर धरले तर १८ युनिट. गाडी रात्री दहा तास उभी असेल तर सरासरी १.८ किलोवॅट पुरले. २३० व्होल्टवर १६ अँपिअरचं चार्जिंग ३.७ किलोवॅट देतं, म्हणजे पाच तासांत काम झालं. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं.

ज्यांचं भागत नाही ते ट्रेलर ओढणारे. उंच, पेटीसारखा ट्रेलर मागे लावला की रेंज साधारण निम्मी होते आणि यात वजनापेक्षा हवेचा दोष जास्त. चढावर वजनाला लागलेल्या विजेतला काही भाग उतारावर मोटर परत मिळवून देते. हवेला दिलेली वीज मात्र गेली ती गेलीच. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ९० ऐवजी ११० च्या वेगाने गेलं तर त्याच अंतराला हवेसाठी जवळजवळ दीडपट ऊर्जा लागते. म्हणून ट्रेलर ओढताना रेंज वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेग १५–२० ने कमी करणं. कडाक्याच्या थंडीत २० ते ४० टक्के घट वेगळी धरा. केबिन गरम करणं आणि बॅटरी गरम ठेवणं दोन्ही त्याच विजेवर चालतं. गाडी प्लगला असतानाच केबिन तापवून घेतली तर यातली बरीच घट वाचते.

किती अँपिअरचा बॉक्स घ्यायचा

भिंतीवरच्या पेटीला, म्हणजे या बॉक्सला, आपण चार्जर म्हणतो, पण खरा चार्जर गाडीत असतो. पेटी फक्त सुरक्षित वीज देते आणि गाडीला सांगते की किती अँपिअर ओढायची मुभा आहे. हे सांगणं पायलट नावाच्या तारेवरून होतं: सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल, आणि त्यातला 'चालू'चा टक्का गुणिले ०.६ म्हणजे अँपिअर. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५३ टक्के म्हणजे ३२. यातला खालचा ६ अँपिअरचा आकडा लक्षात ठेवा, सौर विजेच्या वेळी तो आडवा येणार आहे.

उत्तर अमेरिकेतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर १२ अँपिअरने १.४ किलोवॅट मिळतात. गाडी चार्ज होताना तिचे कॉम्प्युटर आणि कूलंटचा पंप जागे असतात, ते २०० ते ४०० वॅट खातात. १.४ किलोवॅटमधून ३०० वॅट गेले की पाचवा हिस्सा वाया. शिवाय १३१ युनिटची बॅटरी तळापासून भरायला या वेगाने पाच दिवस लागतात. ७.४ किलोवॅटवर तेच ३०० वॅट चार टक्क्यांवर येतात. हळू चार्ज केलं की वीज वाचते हा समज इथे उलटा ठरतो.

वरच्या बाजूला मर्यादा गाडीची. रिव्हियन आर१टी आणि टेस्ला सायबरट्रक एसीवर, म्हणजे घरी येते तशा विजेवर, ११.५ किलोवॅटपर्यंत घेतात, सिल्व्हराडो ईव्ही १९.२ पर्यंत. याहून मोठा बॉक्स लावून काही हाती लागत नाही. उत्तर अमेरिकेसाठी बनवलेल्या गाडीच्या एसी सॉकेटला थ्री फेज घेताच येत नाही. २२ किलोवॅटच्या थ्री फेज बॉक्सवरून ती एकच फेज उचलते आणि ७.४ वर थांबते. दुसऱ्या देशातून गाडी आणणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.

आमचं मत सरळ आहे: ३२ अँपिअर घ्या. रोज मोठा ट्रेलर ओढून बॅटरी संपवून घरी येणार असाल तर ४८. ८० अँपिअरची जोडणी घरासाठी हौस आहे. रोजच्या वापरात बॅटरी ८० ते ९० टक्क्यांपर्यंतच भरा. बॅटरी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) जातीची असेल तर कंपनी सांगेल तेव्हा शंभर टक्के भरावी लागते, नाहीतर किती वीज शिल्लक आहे याचा अंदाज गाडीला नीट येत नाही.

वायर, एमसीबी आणि करपलेलं सॉकेट

गिझर अर्धा तास चालतो, गाडी सात-आठ तास पूर्ण करंट ओढते. सगळा फरक इथे आहे. अशा सततच्या लोडला एमसीबीच्या ८० टक्क्यांवर जायचं नाही: ३२ अँपिअरला ४० चा एमसीबी, ४८ ला ६० चा किंवा ६३ चा, ८० ला १०० चा.

वायरची जाडी अंतरावर ठरवा. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ३.१ मिलिओहम. मीटरपासून गाडी ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे ०.१८५ ओहम. ३२ अँपिअरला ६ व्होल्ट पडतात आणि १९० वॅट तारेतच उष्णता होऊन जातात. १० ची तार घेतली तर साडेतीन व्होल्ट आणि ११० वॅट. तार भिंतीवरून क्लिपांवर मोकळी जात असेल आणि अंतर कमी असेल तर ६ ची चालते. पाइपातून किंवा इन्सुलेशनमधून जात असेल तर १० चीच टाका, कारण तिथे तारेला थंड व्हायला वाव नसतो.

आता सॉकेट. घरच्या चार्जिंगमधले सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतात आणि ते एकाच पद्धतीने होतात. टर्मिनलचा स्क्रू किंचित ढिला राहतो. त्या सांध्यावर अर्धा ओहमसुद्धा लागत नाही, ०.०२ ओहम पुरतो: ३२ अँपिअरला तिथे २० वॅट, एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता नखाएवढ्या जागेत. तांबं गरम होऊन फुगतं, चार्जिंग संपलं की आकसतं, स्क्रू आणखी ढिला होतो. पितळेवर काळपट थर चढतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट ३२ चाच असतो. पहिली खूण म्हणजे सॉकेटच्या एकाच भोकाभोवती प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी होणं आणि माशासारखा वास. तो वास आला की वापर थांबवा आणि सॉकेट बदला. स्क्रू आवळून पुढे जाऊ नका, करपलेल्या पितळेला पुन्हा पकड येत नाही.

म्हणून पहिली पसंती सॉकेटशिवाय थेट जोडणीला. सॉकेट घ्यायचंच असेल तर औद्योगिक वापराचं घ्या, ज्याच्या आतल्या पट्ट्या जाड आणि स्प्रिंग घट्ट असतात. बारीक तारांच्या वायरला पिन लग (टोकावर बसवायची धातूची नळी) लावून दाबा. तारांवर शिसं चढवून स्क्रूखाली धरू नका. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि महिन्याभरात तोच स्क्रू ढिला. स्क्रू अंदाजाने न आवळता टॉर्क स्क्रूड्रायव्हरने सॉकेटवर लिहिलेल्या आकड्यापर्यंत आवळा. पहिल्या दिवशी पूर्ण करंटवर अर्धा तास चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने प्लग आणि एमसीबी दोन्ही बघा. प्लगवर हात ठेवून धरवत नसेल, म्हणजे ५५–६० अंशांच्या पुढे, तर बंद करून सांधे उघडा.

आरसीसीबीची (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणाऱ्या स्विचची) एक बारीक गोष्ट बऱ्याच इलेक्ट्रिशियनांच्याही नजरेतून सुटते. गाडीतल्या चार्जरमध्ये दोष आला तर एकाच दिशेने वाहणारा डीसी करंट अर्थकडे गळू शकतो. साध्या 'एसी' टाइपच्या आरसीसीबीचा गाभा त्या डीसीने जाम होतो आणि पुढे माणसाला शॉक लागला तरी ती पडत नाही. बॉक्समध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारी व्यवस्था असेल तर आधी 'ए' टाइप पुरते. नसेल तर 'बी' टाइप हवी. आणि गाडीचं सर्किट संपूर्ण घराच्या एसी टाइप आरसीसीबीच्या मागे टाकू नका, वेगळं काढा.

मंजूर भार कमी असेल तर तो वाढवायच्या आधी लोड मॅनेजमेंटचा बॉक्स बघा. मेन वायरवर एक सीटी क्लॅम्प (करंट मोजणारा चिमटा) बसतो, घराचा करंट वाढला की बॉक्स गाडीचा करंट आपोआप खाली आणतो. स्वयंपाक आणि गिझर संपले की पुन्हा वर. क्लॅम्पवरचा बाण उलटा बसला की हे बॉक्स वेड्यासारखे वागतात, एवढं तपासा.

छतावरची वीज थेट गाडीत

रोजचे १८ युनिट सौर पॅनेलमधून काढायचे तर बऱ्या उन्हाच्या जागी १ किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. म्हणजे साडेचार किलोवॅट: ४३० वॅटची ११ पॅनेल, प्रत्येकी सुमारे २ चौरस मीटर, एकूण २२ चौरस मीटर छत. ग्रिडला जोडलेली यंत्रणा असेल तर हा वर्षाचा हिशोब बरोबर. ग्रिडच नसेल तर सरासरीवर जाऊ नका, सगळ्यात वाईट महिन्याच्या उत्पादनाने भागा.

कागदावर हे सोपं दिसतं. अडचण ही की ऊन दुपारी आणि गाडी दुपारी कामावर. गाडी आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी दिवसा घरी असेल तरच 'शिल्लक सौर विजेवर चार्जिंग' करणारा बॉक्स घेण्यात अर्थ आहे. घरच्या बॅटरीत साठवून रात्री गाडीत ओतायचं तर साठवताना-काढताना दहा-पंधरा टक्के जातात, आणि १८ युनिटसाठी घरातली बॅटरीही तेवढीच मोठी लागते. त्यापेक्षा दिवसा ग्रिडला द्या, रात्री ग्रिडकडून घ्या.

दिवसा चार्ज करणार असाल तर तो ६ अँपिअरचा तळ इथे भेटतो. सिंगल फेजवर ६ अँपिअर म्हणजे १.४ किलोवॅट, थ्री फेजवर ४.१. घराचा वापर जाऊन पॅनेलची ३ किलोवॅट उरत असेल तर थ्री फेजची गाडी सुरूच होणार नाही, सिंगल फेजची आरामात होईल. म्हणून फेज आपोआप बदलणारा बॉक्स घ्या, किंवा सरळ एका फेजवर चालवा. ढग येतात-जातात तसा बॉक्समधला वीज जोडणारा-तोडणारा स्विच (कॉन्टॅक्टर) खट-खट करत राहिला तर तो आणि गाडीतला रिले दोन्ही झिजतात; बॉक्सच्या सेटिंगमध्ये सुरू किंवा बंद होण्याआधी किमान दहा मिनिटं थांबायला सांगा.

भिंतीपलीकडचं वीज केंद्र

बाकीची वीज ग्रिडची. ती कशापासून झाली यावर गाडी किती स्वच्छ ते ठरतं, आणि पिकअपच्या बाबतीत हा हिशोब छोट्या गाडीइतका एकतर्फी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) २०१४ च्या अहवालातले उत्पादनाच्या संपूर्ण साखळीचे मध्यम आकडे असे आहेत, युनिटमागे कार्बन डायऑक्साइडच्या हिशोबात: कोळसा ८२० ग्रॅम, नैसर्गिक वायू ४९०, छतावरचं सौर ४१, जलविद्युत २४, अणुऊर्जा १२, जमिनीवरची पवनऊर्जा ११.

१०० किलोमीटरला मीटरवर ३० युनिट, तारांमधली घट धरून केंद्रात ३२. नुसत्या कोळशावर ते २६ किलो होतात, वायूवर सोळाच्या जवळ, पवनऊर्जेवर अर्धा किलोसुद्धा नाही. १०० किलोमीटरला १२ लिटर पेट्रोल पिणारी पिकअप लिटरला २.३१ किलोप्रमाणे नळीतूनच २८ किलो सोडते, तेल काढणं आणि शुद्ध करणं धरलं तर तिशीच्या पुढे. म्हणजे निव्वळ कोळशाच्या ग्रिडवर इलेक्ट्रिक पिकअपचा फायदा थोडाच, आणि त्यात मोठी बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन अजून धरलेलं नाही. ४५ युनिट खाणारी गाडी तिथे ३९ किलोवर जाते आणि पेट्रोलच्या पिकअपपुढे हरते. वजनदार गाडीला मोठी बॅटरी आणि मोठ्या बॅटरीने आणखी वजन, हे चक्र कुठल्याही वीज केंद्राने तुटत नाही.

तुमच्या हातात असते ती वेळ. टायमर संध्याकाळी घरी आल्या-आल्या सुरू होऊ देऊ नका. सूर्य मावळतो, सगळ्यांचे दिवे आणि चुली पेटतात, आणि तेवढ्या दोन-तीन तासांसाठी झटपट सुरू होणारी साधी गॅस टर्बाइन चालवली जातात. एकत्रित चक्राचं, म्हणजे टर्बाइनच्या गरम धुरावरही वीज काढणारं, चांगलं गॅस केंद्र इंधनातली ६० टक्के ऊर्जा विजेत आणतं, ही टर्बाइन जेमतेम ३५–४०. ग्रिडवर सौर जास्त असेल तर चार्जिंग सकाळी ११ ते दुपारी ३, वारा जास्त असेल तर मध्यरात्रीनंतर. वेळ बॉक्समध्ये किंवा गाडीत, एकाच ठिकाणी लावा. दोन्हीकडे लावली की एकमेकांची वाट बघत दोघं बसतात आणि सकाळी बॅटरी होती तिथेच.

जनरेटरवर चार्जिंग

छोटा डिझेल जनरेटर लिटरला अडीच ते तीन युनिट देतो. ३० युनिटना ११ लिटर, म्हणजे १०० किलोमीटरला ११ लिटर. डिझेल पिकअपही तेवढंच पिते. अडल्या वेळी ठीक, रोजची सवय म्हणून वेडेपणा.

अडल्या वेळी बॉक्स 'अर्थ नाही' म्हणून लाल दिवा दाखवतो, आणि लोक जनरेटर नादुरुस्त समजतात. बऱ्याच पोर्टेबल जनरेटरांत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतात. बॉक्स फेज-अर्थ व्होल्टेज तपासतो आणि त्याला ते सापडत नाही. जनरेटर एकटाच, घराला न जोडता वापरत असाल तर न्यूट्रल-अर्थ जोडणारा बाँडिंग प्लग लावा. चार्जिंग ६–८ अँपिअरपासून सुरू करून हळूहळू वाढवा. एकदम लोड पडला की फ्रिक्वेन्सी खाली बसते आणि गाडी चार्जिंग सोडून देते.

जनरेटर गाडीतच बसवण्याचा प्रकार वेगळा. अमेरिकेच्या रॅम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या रॅमचार्जर पिकअपची रचना अशी होती: ९२ युनिटची बॅटरी, ३.६ लिटरचं व्ही६ इंजिन आणि त्याला जोडलेला १३० किलोवॅटचा जनरेटर, चाकं फक्त मोटरवर. रोजचं अंतर भिंतीच्या विजेवर, लांब ट्रेलर ओढताना इंजिन. ट्रेलरवाल्यांसाठी २०० युनिटची बॅटरी वाहण्यापेक्षा हे जास्त शहाणपणाचं आहे.

गाडीतून घराला

लाइटनिंग ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देऊ शकते, सिल्व्हराडो ईव्ही १०.२, सायबरट्रक ११.५. घराचा वापर दिवसाला २० युनिट असेल आणि बॅटरीत पाचवा हिस्सा राखून ठेवला तर १३१ युनिटवर पाच दिवस निघतात. नुसता एक दिवा आणि राउटर लावून गाडी रात्रभर चालू ठेवू नका. गाडीतला इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर स्वतःच काहीशे वॅट खात राहतात.

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून घरच्या सॉकेटमध्ये वीज ढकलणं हा प्राणघातक प्रकार आहे. ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी जाऊन तारांवर हजारो व्होल्ट चढवते आणि खांबावरचा लाइनमन मरतो. घराला एका वेळी ग्रिड किंवा गाडी, एकालाच जोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच.

चेंजओव्हर बसवल्यावरही गाडीचं सॉकेट लगेच ट्रिप होतं, ही सर्रास तक्रार. कारण असं: गाडीत न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले असतात, बऱ्याच ठिकाणी घराच्या मेन बोर्डातही जोडलेले असतात. चेंजओव्हरने फक्त फेज बदलला तर परत येणाऱ्या करंटला दोन वाटा मिळतात, थोडा न्यूट्रलमधून आणि थोडा अर्थच्या तारेतून. गाडीचं गळती-संरक्षण गेलेला आणि आलेला करंट जुळवून बघतं, कमी भरला की पाडतं. उपाय म्हणजे न्यूट्रलही बदलणारा चेंजओव्हर. अर्थची तार कापून 'इलाज' करणारे भेटतात. तसं केलं की ट्रिपिंग थांबतं आणि संरक्षणही जातं.

मोटरचा सुरुवातीचा करंट पाच-सहा पट असतो, त्यामुळे दीड किलोवॅटचा पंप क्षणभर नऊ मागतो. सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) लावा किंवा पंप सगळ्यात आधी, बाकी सगळं बंद असताना सुरू करा. अमेरिकी गाडीची वीज ६० हर्ट्झची असते. ५० हर्ट्झचा पंप तिच्यावर २० टक्के जोरात फिरतो आणि त्याचा लोड सुमारे पावणेदोन पट होतो, म्हणून जळतो. हीटर आणि दिव्यांना हा फरक कळत नाही.

पहिली चाचणी वीज असताना, दिवसा करा:

१. मेन बंद करा, चेंजओव्हर गाडीकडे टाका, सगळे एमसीबी खाली.
२. गाडीची वीज सुरू करून मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासा. शेवटचा आकडा शून्याच्या एक-दोन व्होल्टच्या आत हवा.
३. पंप, मग फ्रिज, मग दिवे, एकेक एमसीबी वर.
४. एक तास चालवून गाडीच्या केबलचा प्लग हाताने चाचपा, आणि बॅटरीचा टक्का आधी किती होता नि आता किती आहे ते लिहून ठेवा. चेंजओव्हरच्या दारावर आतून चिकटवलेला तो कागद अंधारात उपयोगी पडतो.